स्वस्त खाऊचा स्टॉल: पाळण्यांच्या बागेत दहा-वीस रुपयांत काय काय विकता येईल?

चिंचगोळी

नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यात आमचा महिला बचत गट आहे. पापड, कुरडया, मेतकूट, दिवाळीचा फराळ हे काम बरीच वर्षं चालू आहे. आता जवळच्या एका मनोरंजन उद्यानाने खाऊच्या स्टॉलसाठी जागा देऊ केली आहे. पाळणे, छोटी आगगाडी आणि पाण्याच्या घसरगुंड्या असं ते उद्यान आहे, आणि जागा तिकीटघराच्या आत आहे.

गटात एका गोष्टीवर लगेच एकमत झालं. एकही पदार्थ तीस रुपयांच्या वर जाणार नाही आणि निदान दोन तरी दहा रुपयांत मिळतील. त्याचं कारण सहली. डिसेंबर-जानेवारीत तिथे आजूबाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा येतात. सोबत किती पैसे आणायचे ते शाळाच ठरवून देते, पन्नास किंवा फार तर शंभर. आत सध्या साठ-सत्तरच्या खाली काही मिळत नाही आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आमच्यातल्या दोघी तिथे साफसफाईच्या कामाला होत्या. त्या सांगतात, मुलं काउंटरशी येतात, एकेका पदार्थाकडे बोट दाखवून भाव विचारतात, सगळे भाव विचारून झाले की मागे सरकतात आणि पाळण्याच्या कठड्याला टेकून उभी राहतात. पोरांनी वर्षातून एकदा यायचं आणि काही न खाता जायचं, हे आम्हाला बघवत नाही.

अट अशी आहे: विक्रीच्या तीस टक्के उद्यानाला, आणि रोजची किमान हमी, म्हणजे विक्री कमी झाली तरी ठरलेली रक्कम द्यायचीच. अनामत वेगळी, वीज वेगळी. जत्रेत किंवा अशा ठिकाणी धंदा केलेल्या मंडळींनी कृपया सांगा, काय विकावं आणि या अटीवर जावं का?

बोरकूट

ताई, आधी मनापासून शुभेच्छा. पेरूच्या फोडी, आवळा, उकडलेलं रताळं, कच्ची कैरी, वर तिखट-मीठ. मुलांना याहून जास्त काही लागत नाही. फळं मात्र समोर कापून द्या, कापून ठेवू नका.

भट्टीवाला

ताई, आमचा चिरमुरे-फुटाण्यांचा धंदा, सातारा भागातला. पुसेगाव, म्हसवड, पाल अशा यात्रा आम्ही घरचे सगळे मिळून करतो. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पाण्याची घसरगुंडी. पाणी आहे म्हणजे गिऱ्हाइकाचे हात ओले, नोटा ओल्या, हवा दमट. यात्रेतला निम्मा माल तिथे चालणार नाही.

म्हातारीचे केस घ्या. एका काडीला साखर जेमतेम चमचा-दीड चमचा लागते, म्हणून सगळ्यांना वाटतं यात फायदाच फायदा. पण ती साखरेची तार हवेतला ओलावा ओढते. पाण्याजवळ पाच मिनिटांत आकसून चिकट गोळा होतो आणि पोरगं रडत परत येतं. ठेवायचेच असतील तर छोट्या आगगाडीच्या फलाटाजवळ, कोरड्या बाजूला ठेवा आणि मागणी आली की तेव्हाच काढून द्या. साखर जाड दाण्याची घ्या. बारीक साखर यंत्रातून वितळायच्या आधीच बाहेर उडते.

मक्याच्या लाह्या: दाण्यात साधारण १३-१४ टक्के ओलावा असतो. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की आतली वाफ साल फोडून बाहेर येते, तीच लाही. पोतं उघडं ठेवलंत आणि दाणा सुकला की गणंग जास्त राहतात. म्हणून दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि लाह्या थोड्या थोड्या फोडायच्या. दमट हवेत फोडलेली लाही तासाभरात चिवट होते. ती कोणी परत घेत नाही आणि घेऊही नये.

आता पाण्याजवळ हमखास चालणारा माल सांगतो: उकडलेल्या शेंगा. भुईमुगाच्या शेंगा मीठ-हळदीच्या पाण्यात उकडायच्या. ओल्या हातांनी खाल्ल्या तरी काही बिघडत नाही, पोट भरतं आणि पाण्यातून निघालेल्या माणसाला गरम आणि खारटच हवं असतं. सुगीला ओल्या शेंगा मिळतात, एरवी वाळलेल्या रात्रभर भिजत घालायच्या. भाजलेलं किंवा उकडलेलं कणीसही तसंच, पण ते हल्ली दहाला परवडत नाही, तीसला बसेल.

कागदी पुडा पाण्याजवळ टिकत नाही, तळातून फाटतो. पानांचा द्रोण घ्या.

हिशेबनीस

हेतू चांगला आहे, म्हणूनच आकडे मांडतो. वीस रुपयांचा लाह्यांचा एक द्रोण धरू. दाणा तीन रुपयांचा, तेल-मीठ एक, द्रोण एक. उद्यानाचे तीस टक्के म्हणजे सहा. उरले नऊ. दोघींची मजुरी पाचशे-पाचशे आणि गॅस, वीज, गाडीभाडं मिळून तीनशे धरलं तर रोजचा खर्च तेराशे. नवाने भागा. रोज १४५ द्रोण खपले तर मजुरी सुटते, नफा अजून शून्य.

यात हमी घाला. समजा रोजची हमी हजार रुपये आहे. तीस टक्क्यांतून हजार निघायला १६७ द्रोण विकावे लागतात. जुलैतल्या पावसाळी मंगळवारी तिथे तेवढी माणसं तरी येतील का? त्या दिवशी हमीचे पैसे ताईंच्या गटाच्या खिशातून जातील. दर वाढवा म्हणत नाही, पण या अटीवर दर खाली ठेवणं म्हणजे वर्षभरात गटाची शिल्लक संपवणं.

चिंचगोळी

काका, असं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त तीस टक्क्यांवर घासाघीस करत बसलो होतो, हमीकडे लक्षच नव्हतं. आज संध्याकाळच्या बैठकीत हे आकडे वाचून दाखवते.

तळकोकणी

तुमच्या स्टॉलवर खाजं हवंच. आमच्याकडे आंगणेवाडीची जत्रा असो की गावातला दहीकाला, घरी जाताना खाज्याची पुडी घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. बेसनाची जाड शेव तळायची आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायची. पाक सुकला की हाताला चिकटत नाही, बरणीत ठेवलं की आठवडे टिकतं. हिशेबनीस म्हणतात त्या पावसाळी मंगळवारी लाह्या फुकट जातील, खाजं जाणार नाही, ते बुधवारी विका. बेसन-गुळाचा पदार्थ, त्यामुळे लहान पुडीनेही पोराचं तोंड बराच वेळ चालू राहतं. पाक मात्र नीट जमला पाहिजे. कच्चा राहिला तर पावसाळ्यात खाजं पाझरतं.

भट्टीवाला

तळकोकणींशी शंभर टक्के सहमत. आमच्या यात्रेत हीच जागा गोडीशेव आणि रेवडी घेते. टिकाऊ मालावर पाया ठेवायचा आणि ताजा माल गर्दी बघून काढायचा. सहलीचा दिवस असेल तर शेंगांचं पातेलं मोठं, नाहीतर लहान.

सुरक्षित घास

मी अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. स्वस्त खाऊ आणि मुलं एकत्र आली की सगळ्यात जास्त भीती रंगाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी पुदुच्चेरीने आणि पाठोपाठ तमिळनाडूने म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी सापडलं. हा कापड रंगवायचा रंग. गडद गुलाबी दिसतो आणि अतिशय स्वस्त मिळतो. मार्चमध्ये कर्नाटकानेही रंगीत केसांवर आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. आपल्याकडे खाण्यात चालणारे कृत्रिम रंग मोजके आठ आहेत आणि त्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे. बाजारात सुटा मिळणारा, चिठ्ठी नसलेला रंग कधीही घेऊ नका. मी तर म्हणेन पांढरेच केस विका. साखर मुळात पांढरी, त्यात फसवणूक काही नाही, आणि पालकांनी विचारलं तर ताठ मानेने सांगता येतं.

बर्फाचा गोळा ठेवणार असाल तर बर्फ कुठून येतो ते स्वतः जाऊन बघा. माल थंड ठेवायचा कारखान्यातला बर्फ खाण्यासाठी नसतो, तो वेगळा ओळखू यावा म्हणून २०१८ पासून निळसर करायचा नियम आहे. लादी निळसर असेल तर ती गोळ्यासाठी नाही. पांढरी असली तरी पाणी पिण्याचं होतं का, हे विचारायचंच.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय घटक वाढतात, ती तेल खराब झाल्याची खूण. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद, असा नियम आहे. मोजायचं साधन नसेल तर तेल काळं पडणं, फेस येणं, लवकर धूर निघणं या खुणा पुरेशा आहेत. खाऊ वर्तमानपत्रात बांधायचा नाही, शाई आणि त्यातले घटक खाण्यात उतरतात. प्लास्टिकच्या काड्या, चमचे, पेले १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, केसांची काडी बांबूची घ्या.

लहान विक्रेत्यांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी असते. घरी फराळासाठी नोंदणी केलेली असली तरी स्टॉलची जागा वेगळी, तर नोंदणी वेगळी. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावा.

बोरकूट

पांढऱ्या केसांची कल्पना फार आवडली. भावाच्या पाटीखालीच लिहा, "रंग नाही".

न्यूजर्सीकर

इथला एक जुना दाखला देतो, कारण तो अगदी याच प्रश्नाशी भिडतो. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंड नावाचा समुद्रकिनारा आहे. शंभर वर्षांपूर्वी पाळणे आणि करमणुकीसाठी तो जगभर प्रसिद्ध होता. तिथे फेल्टमन यांचं मोठं उपाहारगृह होतं आणि त्यांचा हॉट डॉग दहा सेंटला मिळायचा. त्यांच्याकडेच काम केलेल्या नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या तरुणाने १९१६ मध्ये स्वतःचा छोटा गाळा काढला आणि तोच पदार्थ पाच सेंटला ठेवला. लोकांना शंका आली, एवढ्या स्वस्तात देतो म्हणजे मांस कसलं असेल? त्यावर त्याने पांढरे कोट घातलेली माणसं गाळ्यासमोर उभी करून खायला लावली, डॉक्टर खातात म्हणजे चांगलंच असणार असं लोकांना वाटावं म्हणून, अशी आख्यायिका आहे. पुढे भुयारी रेल्वे थेट किनाऱ्यापर्यंत आली. तिचं भाडंही पाच सेंट. कामगार वस्त्यांमधली माणसं लाखांनी येऊ लागली आणि पाच सेंटचा हॉट डॉग त्यांच्या खिशाला बरोबर बसला. तो गाळा त्याच कोपऱ्यावर आजही आहे. फेल्टमन यांचं उपाहारगृह केव्हाच बंद झालं.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. नेथनचा गाळा रस्त्याच्या कोपऱ्यावर होता, उद्यानाच्या आत नव्हता, त्यामुळे विक्रीतला वाटा कोणाला द्यावा लागत नव्हता. आणि स्वस्त माल म्हटलं की संशय येतोच. सुरक्षित घास यांनी सांगितलेलं प्रमाणपत्र तुमच्याकडे तेच काम करेल, आणि तेही खरेपणाने.

पेन्सिल्व्हेनियात कनोबेल्स नावाचं उद्यान आहे, १९२६ पासूनचं. प्रवेश फुकट, गाडी लावणं फुकट, पाळण्याचे पैसे पाळण्यागणिक. घरचा डबा आत नेता येतो. आणि तरीही लोक तिथलं खाणं आवडीने विकत घेतात, कारण ते चांगलं आणि परवडणारं असतं. इंडियानातल्या हॉलिडे वर्ल्डने २००० सालापासून आत सरबतं आणि शीतपेयं फुकट केली, ती आजही फुकट आहेत. म्हणजे खाण्यापिण्यातून ओरबाडल्याशिवाय उद्यान चालत नाही, हे खरं नाही.

शेंगांबद्दल एक सूचना. काही मुलांना शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी असते. शेंगांचा झारा आणि भांडं वेगळं ठेवा, आणि शेंगदाणा कशाकशात आहे ते पाटीवर लिहा.

कठड्यापलीकडे

मी अशाच एका उद्यानात व्यवस्थापनात नोकरी केली आहे. ओरबाडणं हा शब्द वाचून लिहावंसं वाटलं. दुसरी बाजू ऐकून घ्या, त्यातून ताईंना मार्ग सापडेल.

उद्यानाचं उत्पन्न मे महिना, दिवाळीची सुट्टी, शनिवार-रविवार आणि सहली यांवर चालतं. उरलेल्या दिवशी पाळण्यांची तपासणी, पाण्याचं शुद्धीकरण, सुरक्षारक्षक, जीवरक्षक यांचा खर्च तसाच चालू राहतो. तिकीट फार वाढवलं तर माणसं दारातूनच परत जातात, म्हणून तूट खाण्यातून भरून काढायची सवय या धंद्याला लागली आहे. मला ती पटत नाही, पण ती तिथून येते.

किमान हमी का मागतात, तर स्टॉलवाला खरी विक्री सांगेल याचा भरवसा नसतो. रोख गल्ला, पावती नाही, मग टक्के कशाचे मोजायचे? हमी हा त्या अविश्वासाचा दर आहे. म्हणून ताई, टक्क्यांवर भांडू नका. त्यांना सांगा, आमची सगळी विक्री तुमच्या बिलिंग यंत्रावरून होऊ द्या, प्रत्येक दहा रुपयांची पावती निघेल, पण हमी काढून टाका. निदान सोमवार ते शुक्रवार आणि पावसाळाभर तरी काढा. मी टेबलाच्या त्या बाजूला होतो, असा प्रस्ताव कोणी आणला असता तर मी तो वर नेला असता.

दुसरं, सहली. शाळा आधी नोंदणी करते, मुलांची संख्या उद्यानाला आदल्या दिवशीच माहीत असते. तिकिटातच माणशी वीस रुपयांचं खाऊचं कूपन बसवा. शाळेला ते जड जात नाही, उद्यानाला सांगायला एक चांगली गोष्ट मिळते आणि तुम्हाला आदल्या रात्रीच कळतं की शेंगा किती भिजत घालायच्या. वाया जाणारा माल जवळजवळ राहत नाही. धंद्याच्या दृष्टीने वीस रुपयांची आगाऊ नक्की विक्री ही तीस रुपयांच्या अनिश्चित विक्रीपेक्षा मोलाची.

हिशेबनीस

हे झालं तर माझा हिशेब बदलतो. हमी गेली, माल वाया जाणं थांबलं, आणि सहलीच्या दिवशी दोनशे मुलं म्हणजे चार हजारांची विक्री सकाळीच नक्की. त्यातले बाराशे उद्यानाचे. माल आणि द्रोण मिळून हजार धरा. अठराशे उरतात. तेराशेचा खर्च निघून वर पाचशे. मग त्या दिवशीच्या इतर विक्रीतून माल आणि उद्यानाचा वाटा वजा करून उरेल तो फायदा. आता मी हो म्हणेन.

बोरकूट

कूपनाला माझा थोडा विरोध आहे. सगळ्यांना एकच पुडी हातात ठेवली की ते शाळेतल्या खिचडीच्या वाटपासारखं होतं. त्यात वाईट काही नाही, पण सहलीच्या दिवशी पोराला स्वतः निवडायचं असतं. मित्राने शेंगा घेतल्या, मी खाजं घेतो, मग अर्धं अर्धं करू, यात तो रमतो. ते काढून घेऊ नका.

चिंचगोळी

बोरकूट, अगदी हेच आमच्या सर्वांत लहान सभासद बाईंनी बैठकीत सांगितलं. त्यामुळे असं ठरवलंय: कूपन वीसचं, पण दहा-दहाच्या दोन चिठ्ठ्यांचं. कुठलेही दोन दहाचे पदार्थ घ्या, किंवा दोन्ही चिठ्ठ्या देऊन वीसचा एक. दहात शेंगा, खाजं, फुटाणे आणि पांढरे केस. वीसात लाह्या आणि पेरूच्या फोडी. तीसात कणीस. बर्फाचा गोळा सध्या नाही, बर्फाची खात्री झाल्याशिवाय नाहीच.

कठड्यापलीकडे दादांनी सांगितलेला प्रस्ताव लिहून काल व्यवस्थापकांना दिला. बिलिंग यंत्राला ते लगेच हो म्हणाले. हमी पावसाळ्यात आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी माफ करायची तयारी दाखवली, शनिवार-रविवारची मात्र कायम ठेवली आहे. सहलीच्या कूपनाबद्दल वरच्यांशी बोलून कळवतो म्हणाले. एका वर्षाचाच करार करतोय. त्यात "दर स्टॉलधारक ठरवेल" हे वाक्य आम्ही घालून घेतलंय, म्हणजे मध्येच कोणी भाव वाढवायला लावणार नाही.

कठड्यापलीकडे

ते वाक्य फार महत्त्वाचं होतं, बरं झालं घातलंत. आणखी एक घाला: तुमच्या शेजारी तोच माल विकणारा दुसरा स्टॉल वर्षभरात देणार नाही. आणि पिण्याच्या पाण्याचा नळ स्टॉलपासून जवळ, चालू स्थितीत असेल हेही लिहून घ्या. खारट शेंगा खाऊन पोराने वीस रुपयांची बाटली घ्यायची म्हणजे तुमच्या दहा रुपयांना अर्थ उरत नाही.

तळकोकणी

पाण्याचं अगदी खरं. आणि जमलं तर कोकम सरबत ठेवा, लहान पेला दहाला. आगळ (कोकमाचा घट्ट रस) स्वतः घातलंत तर परवडेल. कागदी पेला घ्या.

चिंचगोळी

नळाचं उद्याच बोलते. कोकमाचं गटात विचारते, आमच्यातल्या एकीकडे झाडं आहेत.

भट्टीवाले दादा, एक शेवटचं विचारते. दहाच्या पुडीत खाजं किती भरायचं? रोज वजन करत बसायला वेळ नाही, आणि एकीच्या हाताला जास्त, दुसरीच्या हाताला कमी असं व्हायला नको.

भट्टीवाला

ताई, आम्ही माप ठरवतो. एकदा काट्यावर वजन करून घ्या, तेवढं खाजं बरोबर मावेल अशी वाटी शोधा आणि त्याच मापाच्या तीन-चार वाट्या आणा. प्रत्येकीच्या हाताशी एक. वाटी काठोकाठ भरायची, शीग नाही, आणि भरून झाल्यावर वर दोन कांड्या गिऱ्हाइकासमोर टाकायच्या. त्या दोन कांड्या हिशेबात आधीच धरा. शेंगांचं तसंच, फक्त पाणी निथळून मग मापायच्या. आणि दहा-दहाच्या नाण्यांची पिशवी सकाळीच भरून न्या. सहलीची मुलं पन्नासची, शंभरची नोट घेऊन येतात आणि सुट्टे नाहीत म्हटलं की रांग तिथेच अडते. काही ठिकाणी दहाचं नाणं घ्यायला लोक कुरकुरतात, पण सगळ्या नमुन्यांची नाणी चालतात हे रिझर्व्ह बँकेने सांगून झालंय. तुम्ही बिनधास्त घ्या आणि द्या.